ट्रिपल सेव्हनचा उतारा

छत्रपती संभाजीनगरात वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपच्या ड्रॉइंग सेक्शनला जा, निराला बाजारातल्या सीएच्या ऑफिसात जा, नाहीतर लग्नाचे अल्बम करणाऱ्या सिडकोतल्या स्टुडिओत जा. चार-पाच कॉम्प्युटर, कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला एक काळा डबा आणि त्या डब्यात सगळ्यांच्या सामायिक फायली, असा संसार जिथे जिथे मांडलेला आहे तिथे अधूनमधून एक वाक्य ऐकू येतंच : ‘उघडायलंय, पण सेव्हच होईना झालंय.’ या वाक्यात तक्रार कमी आणि अपमान जास्त असतो. फाइल दिसते, उघडते, तिच्यातली चूक डोळ्यांत खुपते, पण ती दुरुस्त करायला गेलं की मशीन म्हणतं, आपल्याला अधिकार नाही. वाचायचीच परवानगी नसती तर आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. न वाचण्याची सवय आपल्याला आहे. पण मत असताना ते नोंदवू न देणं मराठी माणसाच्या जिव्हारी लागतं. मग ‘त्या पोराला’ फोन जातो. प्रत्येक ऑफिसला असा एक पोरगा असतो. त्याला दोन मुलं झाली, कानशिलं पांढरी झाली, तरी तो पोरगाच. तो येतो, खुर्ची पुढे ओढतो, काळी खिडकी उघडतो, ‘ट्रिपल सेव्हन मारून देतो’ म्हणतो आणि मारतो. सेव्ह होतं. चहा येतो. सगळे खूश. माझं म्हणणं एवढंच आहे की हा चहा जरा लवकर येतो. न लिहिता येण्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की समोरच्या डब्याला आपण कोण ते कळलेलं नाही, आणि ‘कोण?’ या प्रश्नाला ‘सगळे!’ असं उत्तर दिल्याने प्रश्न सुटत नाही, विचारणारा गप्प होतो इतकंच.

आधी हा सातांचा मामला काय आहे तो पाहू. अशा डब्यांत बहुधा जी प्रणाली चालते त्या लिनक्सने तो युनिक्सकडून घेतला, आणि युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. त्या काळी एकाच यंत्रावर बरीच माणसं काम करायची, त्यामुळे कोणाच्या फायलीला कोणी हात लावायचा हे ठरवणं भाग होतं. त्यासाठी जगाचे तीन भाग पडले : मालक, मालकाचा गट आणि बाकीचे. प्रत्येक भागाला तीन हक्क : वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याला ४ गुण, लिहिण्याला २, चालवण्याला १. बेरीज येईल तेवढा अधिकार. सात म्हणजे पैकीच्या पैकी, आणि तीन सात म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं आणि येईल-जाईल त्यालाही सगळं. आकड्यांनी अधिकार सांगण्याची रीत महाराष्ट्राला काही नवी नाही. आपला सातबाराच एखाद्या फायलीला लावून बघा. ७१२ : मालकाला सर्व हक्क, गटाला ती फाइल फक्त चालवायची मुभा, आणि उरलेल्या गावाला वाचायची बंदी पण लिहायची सूट. न वाचता लिहिण्याची ही सोय कॉम्प्युटरवर शहाणा माणूस कोणाला देत नाही. व्हॉट्सअॅपवर ती सर्वांना आहे. जमीन महसूल कायद्यातलं लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं कलम १५५ आहे, तेही एखाद्या फोल्डरला लावून पाहा. मालकाला आत पाऊल टाकता येईल, पण आत काय काय आहे त्याची यादी बघता येणार नाही आणि नवं काही ठेवताही येणार नाही. बाकी सगळ्या गावाला मात्र यादी खुली. आपल्याच जमिनीच्या नोंदीतलं एक अक्षर बदलून घ्यायला ज्याने तहसीलच्या चकरा मारल्या आहेत, त्याला यात विनोद दिसणार नाही.

चेष्टा सोडली तर जमिनीची ही व्यवस्थाच माझा पहिला पुरावा आहे. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतो. ज्याचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नाही त्यालाही तो दिसतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. म्हणजे वाचायला मोकळीक. लिहायला मात्र मालकालाही नाही. खरेदीखत झालं, वारस लावायचे आहेत, सोसायटीचा बोजा चढवायचा आहे, काहीही असलं तरी तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, वाचणारे सगळे. पुढे २०२१ मध्ये सरकारला वाटलं की पिकाची नोंद शेतकऱ्यानेच करावी. हे काम त्या पोराकडे असतं तर त्याने सातबाऱ्यालाच ट्रिपल सेव्हन मारून दिलं असतं आणि संध्याकाळपर्यंत बीड बायपासच्या प्रत्येक प्लॉटला अकरा मालक झाले असते. सरकारने ई-पीक पाहणीचं अॅप राज्यभर आणलं : शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि आपल्या पिकाची माहिती आपणच भरायची. नमुना बारामध्ये लिहायची वाट मिळाली, नमुना सातला धक्का लागला नाही. सरकारी कारभाराचं कौतुक करायची वेळ विनोदी लेखकावर क्वचित येते, पण इथे हिशेब चोख आहे. लिहिणारा कोण, तो काय लिहिणार आणि कुठे लिहिणार हे आधी ठरलं, मुभा नंतर मिळाली. ऑफिसातल्या डब्यासाठी याहून निराळं काही करायचं नसतं.

खरी गोम आहे ती ‘लिहिणारा कोण’ यात. आपल्याला वाटतं, आपण रोज नाव टाकून लॉगिन करतो, म्हणजे मशीन आपल्याला ओळखतं. लिनक्सला नावाशी देणंघेणं नसतं. नाव आणि पासवर्ड जुळले की ते नावाच्या जागी एक आकडा धरतं, त्याला युआयडी म्हणतात, आणि तिथून पुढे फाइल कोणाची हा निवाडा त्या आकड्यावर होतो. पडद्यावर नाव दिसतं ते आपल्याला बरं वाटावं म्हणून. आपल्या शहराच्या रहिवाशाला हे समजायला जड जाऊ नये. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, शिक्के नवे आले. पण गाडीवर एमएच २० च राहिलं, पिन ४३१००१ च राहिला, आणि लँडलाइन ज्याच्याकडे अजून उरली आहे त्याचा कोडही ०२४० च. नावासाठी माणसं वर्षानुवर्षं भांडली. टपाल वाटणारी यंत्रणा मात्र कोणत्याही बाजूने न बोलता आकडा बघून काम करत राहिली. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल याच जातकुळीचा आहे. तुमचं नाव त्याला आवडतं की नाही हा प्रश्नच येत नाही, त्याला ते दिसतच नाही.

एका मशीनवर हे झकास चालतं. घोळ होतो तो नेटवर्कवर. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये नेटवर्क फाइल सिस्टिम आणली, तिला सगळे एनएफएस म्हणतात. दूरच्या डिस्कवरचं फोल्डर आपल्या मशीनवर माउंट करायचं आणि ते आपलंच असल्यासारखं वापरायचं, ही तिची कल्पना. तिच्या साध्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या रूपात आपलं मशीन सर्व्हरला, म्हणजे डब्याला, सांगतं, ‘मी १००० नंबरचा’, आणि सर्व्हर म्हणतो, ‘बरं.’ ओळखपत्र नाही, खातरजमा नाही. आता उबुंटूसारखं लिनक्स नव्या मशीनवर टाकलं की पहिल्या माणसाला १००० हाच नंबर मिळतो. ऑफिसात पाच मशीन असतील तर पाच ‘पहिली माणसं’ तयार होतात. देशपांडे, शेख, जाधव, कुलकर्णी मॅडम आणि नवीन लागलेला ट्रेनी हे सगळे डब्याच्या लेखी एकच गृहस्थ. जे वेतनश्रेणीत कधी साधलं नाही ते इथे आपोआप साधतं. उलट बाजूही आहे. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या, म्हणजे सहाव्यापर्यंतच्या आवृत्त्यांत माणसांची मोजणी ५०० पासून सुरू व्हायची. जुनं मशीन भंगारात दिलं, नवं आणलं, तेच नाव टाकलं, तोच माणूस त्याच खुर्चीवर बसला. पण काल तो ५०० होता आणि आज १००० आहे. स्वतःच्याच दहा वर्षांच्या ड्रॉइंगपुढे तो परका. ‘कालपर्यंत चालत होतं’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं, आणि तिचा उपाय दोन आकडे जुळवण्याचा आहे. स्वतःच्या मशीनवर नुसतं ‘आयडी’ लिहून एंटर मारला की आपला नंबर दिसतो. फोल्डरपाशी जाऊन ‘एलएस’ला ‘डॅश एलएन’ जोडलं की मालकांची नावं न दिसता नंबर दिसतात. एक आकडा इकडे, एक आकडा तिकडे. दोन्ही सारखे नसतील तर आजार सापडला. चहाचं पाणी उकळायच्या आत होणारं हे निदान कोणी करत नाही, कारण त्यात कोणाला काही ‘मारावं’ लागत नाही.

त्याऐवजी आपण वशिला लावतो. लिनक्समध्ये सर्वाधिकारी खात्याला रूट म्हणतात आणि त्याचा नंबर शून्य असतो. सगळ्यात मोठ्या साहेबाला शून्यात काढणारी ही जगातली एकमेव कचेरी असावी. आपल्या मशीनवर रूट वाटेल ते करू शकतो, आणि ‘सुडो’ लिहून साधा माणूसही घटकाभर साहेब होऊ शकतो. साहजिकच, सेव्ह होत नाही म्हटलं की पहिला हात सुडोकडे जातो. पण एनएफएसचा सर्व्हर दुसऱ्या कचेरीच्या साहेबाला साहेब मानत नाही. ‘रूट स्क्वॉश’ नावाची तजवीज त्यात मुळातच चालू असते : बाहेरून शून्य नंबरचा माणूस आला की त्याला ६५५३४ हा नंबर चिकटवायचा. या नंबराच्या खात्याचं नाव ‘नोबडी’. परिणाम असा की क्लार्क स्वतःच्या नावाने आला तर त्याच्या फोल्डरात लिहू शकतो, आणि तोच क्लार्क साहेब होऊन आला तर त्याला स्वतःची खासगी फाइल वाचताही येत नाही. अधिकार वाढवल्याने ओळख पटत नाही, हे इतक्या रोखठोकपणे सांगणारी यंत्रणा आपल्याकडे टोलनाक्यावरसुद्धा नाही.

डबा विंडोजच्या पद्धतीने बोलणारा असेल तर गंमत आणखी वाढते. अशा डब्यात बहुधा सांबा नावाची प्रणाली असते; अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याने १९९१-९२ मध्ये ती सुरू केली. हा डबा लिनक्सवर माउंट करायचं काम रूटकडून होतं, आणि कोणासाठी करायचं हे सांगितलं नाही तर आतल्या सगळ्या फायली रूटच्या मालकीच्या, ७५५ अशा अधिकारांनिशी दिसतात. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, इतरांना वाचणं आणि चालवणं. ‘उघडायलंय, पण सेव्ह होईना’ ही तक्रार आकड्यांत मांडली तर नेमकी एवढीच होते. आता इथे तो पोरगा ट्रिपल सेव्हन मारतो. कमांड मुकाट चालते, चूक दाखवत नाही, आणि काही बदलत नाही. तो पुन्हा मारतो, मग आतल्या सगळ्या फोल्डरांसकट मारतो. बदलणार काय? इकडे दिसणारे ते अधिकार डब्याचे नव्हेतच. माउंट करताना लिनक्सने स्वतःच्या समजुतीसाठी ते धरलेले आहेत. ते बदलायची जागा एफस्टॅब नावाच्या फाइलमधली माउंटची ओळ : कोणत्या नंबरच्या माणसाचं, कोणत्या गटाचं, फायलींना कोणते अधिकार, फोल्डरांना कोणते, हे तिथे लिहायचं. आणि डब्यावर ज्या खात्याचा पासवर्ड दिला आहे त्या खात्याला तिथे लिहिण्याची मुभा हवी ती वेगळीच. दोन्हीकडून होकार आला तर सेव्ह होतं. एका टेबलावरून मंजूर झालेला कागद दुसऱ्या टेबलावर अडतो, हे ज्या राज्यात लहान मुलालाही ठाऊक आहे तिथे हे उमगायला वेळ लागावा, याचं नवल वाटतं. काही उत्साही लोक तर माउंट करायच्या आधीच त्या रिकाम्या फोल्डरची मालकी आपल्या नावे करून निश्चिंत होतात. माउंट झालं की डब्यातलं फोल्डर त्याच्या डोक्यावर येऊन बसतं आणि आपली मालकी खाली झाकली जाते. डबा काढला की ती जशीच्या तशी दिसते. रिकाम्या जागेचे निर्विवाद मालक आपणच असतो.

मशीन हे सगळं लपवून ठेवतं असंही नाही. ते बोलतं, आणि नेमकं बोलतं. ‘परमिशन डिनाइड’ म्हणालं तर तुमच्या नंबराला मुभा नाही. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणालं तर तुम्ही अधिकार किंवा मालकी बदलायला निघाला आहात आणि ते तुमचं काम नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ म्हणालं तर तुमच्या अधिकारांचा संबंधच नाही. ते अख्खं फोल्डर फक्त वाचण्यासाठी जोडलं गेलं आहे. लिनक्सवर एनएफएसचं फोल्डर वाटायला काढताना लिहिण्याची मुभा स्पष्ट नोंदवली नाही तर ते वाचण्यापुरतंच वाटलं जातं, म्हणजे दोष बहुधा सर्व्हरवरच्या एका विसरलेल्या शब्दाचा असतो. कधी याच संदेशाचा अर्थ याहून गंभीर असतो : डिस्कवर चुका सापडल्यावर आणखी नुकसान होऊ नये म्हणून लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतं. त्या वेळी तातडीने बॅकअप घ्यायचा असतो. या तीन वेगवेगळ्या संदेशांचा आपल्या ऑफिसात एकच गोषवारा होतो : ‘होईना झालंय.’ आणि तिन्हींवर एकच औषध दिलं जातं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ट्रिपल सेव्हन मारणाऱ्या माणसाचा हेतू शुद्ध असतो, यापलीकडे त्याच्या बाजूने काही सांगता येत नाही.

यावर हमखास येणारी हरकत अशी : ‘एवढं कशाला? आम्ही घरचीच माणसं. कोणापासून काय लपवायचं?’ ही हरकत सगळ्यात गोड आहे आणि सगळ्यात धोक्याची. पहिलं म्हणजे, लिहिण्याची मुभा नाकारण्याचा लपवण्याशी संबंध नाही. सातबारा सगळ्यांना दिसतो, तरी त्यावर सगळे लिहीत नाहीत. दुसरं म्हणजे, जमिनीचे दावे परक्यांशी किती आणि घरच्या माणसांत किती, हे जिल्हा कोर्टाच्या आवारात तासभर उभं राहिलं तरी कळतं. आणि तिसरी गोष्ट लिनक्समधली, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही : फाइल पुसण्याचा अधिकार फायलीवर नसतो, फोल्डरवर असतो. फाइलला तुम्ही कितीही जपा, तिच्यावर कोणालाच लिहू देऊ नका. ती ज्या फोल्डरात आहे त्याला ट्रिपल सेव्हन असेल तर कोणीही ती उचलून फेकू शकतो. मजकुरात एक अक्षर बदलता येत नाही, पण अख्खी फाइल नाहीशी करता येते. खुद्द युनिक्सवाल्यांना हे माहीत होतं. सगळ्यांनी तात्पुरत्या फायली टाकाव्यात म्हणून लिनक्समध्ये ‘टेम्प’ नावाचं सार्वजनिक फोल्डर असतं. त्यालाही ७७७ नसतं, १७७७ असतं. पुढचा तो एक अशासाठी की कोणीही येऊन ठेवावं, पण पुसताना फक्त आपलं पुसावं. सार्वजनिक जागेचा हा नियम ज्यांनी केला ते औरंगपुऱ्यात कधी गाडी लावायला आले नसावेत, पण माणसाचा स्वभाव त्यांनी ओळखला होता.

दुसरी हरकत घाईची : ‘ऑडिट तोंडावर आहे, माल निघायचाय, आत्ता ट्रिपल सेव्हन मारू, नंतर बघू.’ काम थांबता कामा नये हे खरंच आहे. पण ट्रिपल सेव्हनने काम किती चालतं ते तपासा. तो अधिकार मिळतो त्या क्षणी तिथे असलेल्या फायलींना. उद्या सकाळी जाधवांनी नवी फाइल केली की ती त्यांच्या नावे, नव्या अधिकारांनी जन्माला येते. हे अधिकार ‘युमास्क’ नावाचा आकडा ठरवतो, आणि तो बऱ्याच ठिकाणी ०२२ असतो. त्या हिशेबाने नवी फाइल ६४४ होते : जाधवांना लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं. झालं, दुपारी शेख साहेबांच्या टेबलावरून तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं. म्हणजे हा उपाय घाईच्या कसोटीवरही टिकत नाही. तो दर आठवड्याला नव्याने करावा लागतो. त्या पोराची फी महिन्याच्या खर्चात कायमची बसते ती यामुळे. शिवाय त्याने आतल्या सगळ्या फोल्डरांसकट मारलं असेल, तर सातातल्या चालवण्याच्या एका गुणामुळे प्रत्येक पीडीएफ, प्रत्येक ड्रॉइंग आणि प्रत्येक नवरीचा फोटो ‘चालवता येण्याजोगा’ प्रोग्रॅम ठरतो. आणि एखाद्या मशीनवर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर त्याला डब्यातल्या प्रत्येक फाइलवर लिहायची रीतसर परवानगी आपणच देऊन ठेवलेली असते.

तिसरी हरकत : ‘लिनक्सची ही नसती भानगड आपल्याला कशाला? आमचं सगळं विंडोज आहे.’ कॉम्प्युटर विंडोजचे असतील. कोपऱ्यातल्या डब्याचं काय? सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा प्रसिद्ध कंपन्यांच्या डब्यांत आत लिनक्सच नांदतं. आणि विंडोजवरही शेअरचे अधिकार वेगळे, फोल्डरचे वेगळे, दोन्हीकडून होकार लागतोच. राहता राहिलं ‘आपल्याला’. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा न्यायालयांच्या टेबलांवर उबुंटू आलं, आणि तिथली प्रकरणांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम पुण्याच्या एनआयसीने तयार केली. म्हणजे ज्या मराठी कारकुनाला कॉम्प्युटर जमणार नाही असं छातीठोकपणे सांगितलं जायचं, त्याच्यासमोर लिनक्स आलं आणि कोर्ट चालू राहिलं. खटल्याची पुढची तारीख फोनवर कोणालाही दिसते. ती टाकायला मात्र नेमलेला माणूसच लागतो. पक्षकारांना तिथे ट्रिपल सेव्हन मिळालं असतं तर काही दिवाण्या दाव्यांची तारीख पुढच्या शतकातही लागली नसती.

आता कोणी म्हणेल, दोष दाखवणं सोपं आहे, करायचं काय ते सांगा. ट्रिपल सेव्हनइतकं पटकन होणारं नसलं तरी करायचं थोडकंच आहे. प्रत्येक माणसाला सगळ्या मशीनवर आणि डब्यावर एकच नंबर द्यायचा. ज्यांनी एका फोल्डरात मिळून काम करायचं आहे त्यांचा एक गट करायचा, त्याचाही नंबर सगळीकडे तोच. ते फोल्डर त्या गटाच्या नावे करायचं आणि त्याला २७७५ द्यायचं. यातला पुढचा दोन महत्त्वाचा : त्यामुळे तिथे जन्मणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप गटाच्या नावावर लागते. युमास्क ००२ करायचा, म्हणजे गटातल्या सगळ्यांना ती लिहिता येते आणि बाहेरच्यांना फक्त वाचता येते. डबा विंडोजच्या पद्धतीचा असेल तर हेच नंबर माउंटच्या ओळीत लिहायचे, आणि डब्याचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिला ६०० द्यायचं, म्हणजे ती रूटशिवाय कोणाला वाचता येणार नाही. माणसं आणि मशीन पन्नासाच्या पुढे गेली की हे हाताने करत बसायचं नाही. ओळख एकाच ठिकाणी ठेवणारी व्यवस्था उभारायची, त्यासाठी एलडॅप आणि करबेरॉस आहेत. पाच जणांच्या ऑफिसला मात्र डब्यावर चिकटवलेला एक कागद पुरतो. आणि हे सगळं करून झाल्यावर एक शेवटची पायरी असते, जिच्यापाशी निम्मी मोहीम फसते : लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं. नव्या गटाची ओळख जुन्या लॉगिनला कळत नाही. सगळं बरोबर करून, या एका पायरीअभावी ‘यानेही होईना’ असं ठरवून शेवटी ट्रिपल सेव्हन मारणारे लोक पाहिले की कायद्यातल्या १५ दिवसांच्या नोटिशीचं महत्त्व पटतं. माणसाला थोडं थांबायची सक्तीच लागते.

तेव्हा निकाल सरळ आहे. डबा आडमुठा नाही, लिनक्स कोणाचा दुस्वास करत नाही, आणि ट्रिपल सेव्हन हे काही गुप्तज्ञान नाही. कोण कोण आहे याची चौकशी करायचा कंटाळा म्हणजे ट्रिपल सेव्हन. आज ऑफिस सुटायच्या आधी प्रत्येकाने आपल्या मशीनवर ‘आयडी’ लिहून आपला नंबर पाहावा आणि तो एका कागदावर टिपावा. पाच जणांच्या कागदावर पाच वेगळे नंबर आले तर पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे. पाचही जणांचा नंबर १००० निघाला, तर मात्र कालपर्यंत कोणाची फाइल कोणी बदलली याची चौकशी करत बसू नका. डब्याच्या नोंदीप्रमाणे ती मालकानेच बदललेली आहे.